सव्वादोनचा पिवळा

१

चौथं पान गायब होतं.

टाचणीबाईंनी फाइल तीनदा चाळली, उलटी धरून झटकली, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि मग "बोंबला!" म्हणून खुर्चीत बसल्या. एकतीस वर्षं त्या इस्पितळाची रेकॉर्डरूम सांभाळत होत्या. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. कागद टाचतात तशाच माणसांनाही टोचतात म्हणून सगळे टाचणीबाई म्हणायचे, आणि बाईंना त्याचं फारसं वाईट वाटत नसे. या खोलीत आलेल्या प्रत्येक कागदावर लाल पेन्सिलीने आकडा पडायचा. तीनच्या मागून थेट पाच येण्याची वेळ आज पहिल्यांदाच आली होती.

फाइल जळीत वॉर्डची होती. कपडा रंगवण्याच्या कारखान्यातले रंगमास्तर, वय चोपन्न. उकळत्या रंगाच्या टाकीचा नळ सांध्यातून फुटला आणि छाती, पोट, हात, मांड्या सगळं भाजलं. अपघाताची वेळ दुपारी सव्वादोन. इस्पितळात आणलं तीनला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हृदय थांबलं. त्याला आज नऊ दिवस झाले होते.

आणि परवा, शनिवारी, चौकशी होती. जळीत वॉर्डच्या सिस्टरने संध्याकाळी पाचला कोणाला न विचारता सलाईनचा वेग वाढवला होता. कारखान्याचं पत्र आलं होतं की हे जादा पाणी रंगमास्तरांच्या हृदयाला झेपलं नाही. सिस्टर निलंबित झाली होती. चौकशी उलटली तर एकोणीस वर्षांची नोकरी तर जाणारच होती, पुन्हा कुठे नर्स म्हणून उभं राहणंही कठीण होतं.

खरं सांगायचं तर बाईंचं आणि सिस्टरचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सिस्टरचे कागद कायम उशिरा यायचे, तेही चहाचे डाग घेऊन. पण गळफास लावायचा तर तो निदान पुऱ्या फाइलवर लावावा, असं बाईंचं मत.

त्यांनी उरलेली पानं पुन्हा वाचली. दुसऱ्या पानावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'कातडी व नखं पिवळसर. कावीळ?' सातव्या पानावर तपासणी होती, आणि कावीळ अजिबात नव्हती. मग माणूस पिवळा कशाने? सामानाची यादीही विचित्रच. 'अंगठी एक, कापलेली. चष्मा एक. जेवणाचा डबा एक, भरलेला. आयाने रिकामा करून धुतला.'

ते सामान न्यायला रंगमास्तरांची मुलगी सकाळीच येऊन गेली होती. तेवीस-चोवीसची, वडिलांच्याच खात्यात कामाला. सही करताना तिची बोटं बाईंना दिसली होती. नखांच्या कडा पिवळ्याधमक.

"हिलाही कावीळ?" बाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि डोक्याचा जो भुगा व्हायला लागला तो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला नाही.

२

सिस्टर घरी स्वयंपाकघरात उभी राहून धुतलेले कपडे पुन्हा धूत होती. बाईंना दारात पाहून तिचा चेहरा आणखीच पडला.

"तुम्हीसुद्धा आलात? टोचायला?"

"चौथं पान कुठाय?" बाई थेट मुद्द्यावर आल्या.

"कसलं चौथं पान? बाई, मी कागद उशिरा देते हे कबूल. पण फाडत नाही. देवाशप्पथ नाही."

बाईंनी स्टूल ओढून घेतलं. "बरं. मग पाचला सलाईन का वाढवलंस?"

सिस्टरने हात पुसले. "कारण लघवीच्या पिशवीत तासाभरात जेमतेम चमचाभर आलं होतं, आणि तेही चहासारखं. अंगात पाणी असेल तर ते बाहेर येणार ना? नाडी एकशे चाळीस. हातपाय गार. मला एवढंच दिसत होतं की हा माणूस आतून सुकतोय. छोटे डॉक्टर ऑपरेशनला अडकले होते. मी दोन निरोप पाठवले आणि मग वेग दीडपट केला. साडेसहाला डॉक्टर आले, रागावले, आणि वेग पुन्हा पहिल्यासारखा केला."

"बोलत होते का ते?"

"बोलत होते? गप्पा मारत होते! मला म्हणाले, सिस्टर, तुमचा गणवेश नीट पांढरा नाही, माझ्याकडे द्या, शुभ्र करून देतो. वेळही त्यांनीच सांगितली, सव्वादोन. मुलगी आणि मुकादम बरोबर होते, त्यांनीही तीच सांगितली. एकच गोष्ट वेड्यासारखी करत होते. सारखं विचारायचे, 'दोन वाजून गेले ना?' अहो, तेव्हा पाच वाजलेले! मी म्हटलं, कधीच गेले. की शांत व्हायचे. दहा मिनिटांनी पुन्हा तेच."

"आणि अंगठी का कापली?"

"बोटं एवढी फुगली होती की अंगठी मांसात रुतली होती. आल्या आल्या पहिलं काम तेच केलं."

"आल्या आल्या? म्हणजे भाजल्यावर पाऊण तासात?"

सिस्टरने मनात तास मोजले. "हो की," ती हळूच म्हणाली. "एरवी एवढं फुगायला बराच वेळ लागतो."

३

छोटे डॉक्टर उंचीने सहा फूट होते. मोठे डॉक्टर वेगळे असल्यामुळे हे छोटे. ड्रेसिंगच्या खोलीत ते खिडकीशी उभे होते आणि नऊ दिवस झोपले नसावेत असे दिसत होते.

"गणित बरोबर होतं, बाई," त्यांनी विचारण्याआधीच सांगितलं. "मी शंभर वेळा करून पाहिलं. गणित बरोबर, आणि माणूस गेला."

"मला गणित नको. भाजलेल्या माणसाचं हृदय का थांबतं ते सांगा. कातडी कुठे, हृदय कुठे!"

डॉक्टर खिन्नसे हसले. "सगळे हेच म्हणतात. भाजते कातडी, पण मार बसतो रक्तवाहिन्यांना. मोठं भाजलं की अंगभरच्या बारीक वाहिन्या झिरपायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर पडून मांसात उतरतं. माणूस वरून फुगतो आणि आतून कोरडा होतो. उरलेलं रक्त थोडं आणि घट्ट. हृदय ते रेटायला जिवाच्या आकांताने धावतं. त्यात हृदयाचा स्नायूही भाजल्यावर काही तास नेटाने काम करत नाही. विहिरीतच पाणी नाही, मोटर किती फिरणार?"

"आणि तरी गप्पा मारतो?"

"तीच तर फसवणूक आहे. खोल भाजलं की तिथल्या नसाही जळतात, दुखणं उलट कमी. पहिले काही तास माणूस शुद्धीवर असतो, विनोद करतो. घरचे आम्हालाच वेड्यात काढतात, की एवढं काही झालेलं नाही. आतमध्ये पाणी ओसरतच असतं. म्हणून आम्ही सलाईन भरतो. यांना दिवसभरात बारा लिटर लागणार होतं. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत."

"कधीपासून आठ तास? इथे आणल्यापासून?"

"नाही नाही. भाजल्याच्या क्षणापासून. सव्वादोनपासून सव्वादहापर्यंत सहा लिटर. माझा हिशोब त्याच वेगाचा होता. सिस्टरने वाढवलं, मी कमी केलं. वय चोपन्न, फुप्फुसात पाणी साठेल अशी भीती वाटली मला." त्यांनी कपाळ चोळलं. "तरी नाडी पळतच राहिली. पहाटेपासून ठोके चुकायला लागले. मला अजून कळलेलं नाही, बाई. तिने जास्त दिलं म्हणून गेले, की मी कमी केलं म्हणून?"

"पिवळेपणा?"

"तोही कळलेला नाही. लिव्हर ठणठणीत होतं."

"आणि चौथं पान?"

"तो रक्ताचा पहिला रिपोर्ट असणार. पण लॅबमधून फोन आला होता, की तो धरू नका, नमुना बिघडलाय."

बाई उठल्या. नमुना बिघडला तर बिघडला. पण बिघडलेलं पानसुद्धा पानच असतं. ते फाइलमधून उचलायचं कारण काय?

४

"मीच काढलं," लॅबवाल्या काकांनी कबूल केलं.

एवढ्या लवकर कबुली मिळेल असं बाईंना वाटलंच नव्हतं. त्या दारात उभ्या राहून नुसतं "काका" म्हणाल्या होत्या.

काका बारीक, घाबरट, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. त्यांनी खणातून घडी घातलेला कागद काढला. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने चार.

"फाइल सहीसाठी पुन्हा वॉर्डात आली तेव्हा काढलं. आता चौकशी होणार म्हणाले. मला वाटलं, माझी चूक सापडेल. मागे एकदा माझ्या हातून नमुना खराब झाला होता, तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पार शोभा केली होती. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय, बाई."

"तुमचं चुकलंय काय पण?"

"हे बघा." काकांनी आकड्यावर बोट ठेवलं. "शंभर भाग रक्तात पंचेचाळीस भाग पेशी, बाकीचं पाणी. साधारण माणसाचं असं असतं. यांचं सव्वातीनला आलं बासष्ट! नळीत रक्त हलेना, काकवीसारखं. आता तासाभरापूर्वी भाजलेल्या माणसाचं रक्त असं कुठून होणार? म्हणून मीच फोन केला, की रिपोर्ट धरू नका."

"मग पुन्हा नाही तपासलं?"

"सहा वाजता तपासलं ना. ते पान सहा, तुमच्याकडे आहे. तेव्हा त्याहून घट्ट. पण तोवर चार तास होत आले होते, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. मला मात्र त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. कारण सहाचा नमुना बरोबर होता आणि मशीन तेच. मग पहिला तरी चुकीचा कसा असेल?"

"बरोबर असेल तर?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तर तो माणूस सव्वादोनला भाजला नाही. असं रक्त व्हायला चार-पाच तास लागतात."

बाई जिना उतरल्या. सगळंच उलटंपालटं झालं होतं. फुगलेलं बोट म्हणे सकाळ, घट्ट रक्त म्हणे सकाळ. आणि रंगमास्तर, त्यांची मुलगी, मुकादम, तिघं एका तोंडाने म्हणतात सव्वादोन. बाकीचे बोलोत काहीही. पण स्वतः भाजलेला माणूस, जिवाशी खेळ चाललेला असताना, वेळ खोटी कशाला सांगेल?

५

शुक्रवारी सकाळी बाई कारखान्यात गेल्या. बहाणा तयार होता. अर्जात टाकीचा नंबर भरायचा राहिलाय.

रंगखात्यात वाफ, ओल्या कपड्याचा वास आणि तीन मोठ्या टाक्या. दोन नंबरचा नळ नवा, चकचकीत. भिंतीवर मोठा फळा. वर रंगवलेली अक्षरं, 'अपघाताविना दिवस', खाली खडूने दहा. बाजूला कोणी तरी आधी लिहून पुसलेलं अंधुक दिसत होतं. तीनशे पासष्ट.

मुकादम गोडबोल्या माणूस. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, रंगमास्तरांसाठी डोळ्यांत पाणी आणलं. ते पाणी खोटं नव्हतं, हे बाईंना कळलं आणि त्या आणखीच गोंधळल्या.

"दोन नंबर टाकी," मुकादमाने सांगितलं. "मी इथेच उभा होतो. दोनचा भोंगा झाला, पाळी बदलली, आणि पंधरा मिनिटांत फाडकन आवाज आला. दोन पंचविसाला आमची गाडी गेटबाहेर. गेटच्या वहीतही आहे."

"तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं वाटतं," बाईंनी मनापासून कौतुक केलं. "आमच्याकडे पानं गायब होतात."

मुकादमाची छाती फुगली. "रंगाचं कामच तसं! ही बघा रंगवही. कुठल्या टाकीत, किती वाजता, कुठला रंग. रंगमास्तरांची शिस्त. सकाळी फिके रंग, दुपारी गडद. उलटं केलं तर प्रत्येक रंगानंतर टाकी खरवडत बसावं लागतं. फिक्यावर गडद चालतो, गडदावर फिका चालत नाही. तीस वर्षांत हा क्रम मोडला नाही त्यांनी."

"म्हणजे त्या दिवशी?"

"दोन नंबरला... सकाळी आठपासून लिंबू पिवळा. बारानंतर टाकी धुतली, आणि एकपासून गडद निळा." त्याने पान फिरवून दाखवलं. "सव्वादोनला निळा उकळत होता. स्वच्छ लिहिलंय."

बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. डोक्यातला भुगा एकाएकी थांबला. फाइलच्या दुसऱ्या पानावरची कावीळ, मुलीची नखं, भरलेला डबा, सगळं एका टाचणीत आलं.

"मुकादम," त्या म्हणाल्या, "मग तुमचे रंगमास्तर पिवळे कसे झाले?"

मुकादमाने वही मिटली. त्याची नजर नकळत फळ्याकडे गेली आणि परत आली.

"बाई, पाया पडतो," तो पुटपुटला. "हे इथेच सोडा. अकरा घरं आहेत."

६

"अकरा घरं म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

त्या संध्याकाळी रेकॉर्डरूममध्ये समोर रंगमास्तरांची मुलगी बसली होती. बाईंनी बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली होती. मुकादमाने तिला सांगितलं असणार. मांडीवर तोच धुतलेला डबा होता.

"आम्ही अकरा जण हंगामी आहोत," ती म्हणाली. "कोणी सहा वर्षं, कोणी नऊ. वरून हुकूम आला होता, की रंगखात्यात वर्षभर एकही अपघात झाला नाही तर सगळ्यांना कायम करू. बाबा रोज फळ्यावर आकडा लिहायचे. शेवटचा दिवस पहिली पाळी सुटण्याच्या भोंग्याला पुरा होणार होता. दोन वाजता."

"आणि नळ फुटला..."

"साडेदहाला."

बाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. माणसाला टोचायचं म्हटलं तर आता टोक उरलं नव्हतं.

"डबा तसाच होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जेवणाची सुट्टी बाराला असते ना? सव्वादोनला भाजलेला माणूस जेवून भाजला असता."

मुलीने मान हलवली. "बाबाच म्हणाले, गेटबाहेर जायचं नाही. गेलो की वहीत वेळ पडते. सगळे म्हणाले, चला मास्तर, मुकादमकाका तर रडायला लागले. पण बाबा हट्टाला पेटले की कोणाचं ऐकतात? म्हणाले, तीन-साडेतीन तासांचा तर प्रश्न आहे, मला काय धाड भरलीय? बघा, बोलतोय ना मी. आणि खरंच बोलत होते हो! दुखतही नाही म्हणत होते. चेष्टा करत होते. मी ओली फडकी ठेवत होते अंगावर, ती सगळी पिवळी होत होती. पाणी मात्र मागत होते सारखं. पाच तांबे प्यायले. एवढं पाणी कुठे जातंय मला कळेना."

"रक्तातलं झिरपून मांसात उतरत होतं," बाई म्हणाल्या. "प्यायलेलं त्याला पुरं पडत नाही."

"आम्हाला नाही माहीत हे. आम्हाला वाटलं, भाजणं म्हणजे कातडीचं दुखणं. मलम लावायचं, पट्ट्या बांधायच्या. ते दोनला काय आणि अकराला काय, सारखंच. आणि मग डॉक्टरांनी वेळ विचारली तेव्हा मला वाटलं, अर्जात भरायला विचारतायत. वेळेवरून औषध ठरतं हे कोणी बोललं असतं तर मी... मी बाबांच्या तोंडावर हात ठेवला असता."

डॉक्टरांनी विचारलं होतं आणि लिहून घेतलं होतं. का विचारतोय ते सांगितलं नव्हतं. बाईंना आठवलं की त्या स्वतःही एकतीस वर्षं लोकांना वेळ विचारत आल्या होत्या, आणि कशासाठी ते त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

"साडेदहा धरलं तर डॉक्टरांचे आठ तास सव्वादहाला नाही, साडेसहालाच संपत होते," बाई सावकाश म्हणाल्या. "म्हणजे सहा लिटर साडेतीन तासांत जायला हवं होतं. गणितापेक्षा दुप्पट वेगाने. सिस्टरने दीडपट केला. सगळ्या इस्पितळात तिचंच बरोबर होतं, आणि तेही कमीच पडलं. तिने कागद पाहिला नाही, माणूस पाहिला. आणि उद्या तिला त्यासाठीच घालवणार आहेत."

मुलगी डब्याच्या झाकणावर बोट फिरवत होती. नखं अजून पिवळी होती.

"जात नाही का तो रंग?" बाईंनी विचारलं.

"बाबांचा रंग पक्का असायचा." मग तिने मान वर केली. "बाई, साडेदहालाच आणलं असतं तर वाचले असते?"

बाईंच्या जिभेवर 'नाही गं, इतकं भाजल्यावर काय' असं येऊन थांबलं. सोपं होतं. पोरीला झोप लागली असती. पण एका खोट्या वेळेने एवढा घोळ केला होता; त्यावर दुसरं खोटं टाचायला बाईंचा हात धजेना.

"कदाचित वाचले असते," त्या म्हणाल्या. "इतकी भाजलेली माणसं वाचतात. सगळी नाही."

पोरगी डब्यावर डोकं टेकवून रडली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"वाटेत गाडीत मला म्हणाले, भोंगा ऐकलास ना? जिंकलो आपण," ती शेवटी म्हणाली. "आता मी उद्या खरं सांगितलं तर ते दहा जण मला उभं करणार नाहीत. आणि नाही सांगितलं तर सिस्टर जाते. बाबांना विचारावं तरी कसं?"

"ते सिस्टरला म्हणाले होते, तुमचा गणवेश शुभ्र करून देतो म्हणून."

मुलगी रडता रडता हसली. "हो, असंच बोलायचे ते."

शनिवारी अकरा वाजता ती चौकशीच्या खोलीत गेली. जिन्यावर खात्यातल्या चार बायका उभ्या होत्या. त्यातली एक तिला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाप गेला, आता आमच्या पोटावर पाय देऊन ये." मुलगी थांबली, त्या बाईच्या पायांना हात लावून आत गेली. थोड्या वेळाने मुकादमही रंगवही बगलेत मारून जिना चढला, त्याच्यामागे लॅबवाले काका, चष्मा कपाळावर. छोटे डॉक्टर आधीच आत होते. त्यांनी साडेसहाची आपली सही स्वतः दाखवली.

टाचणीबाईंनी चौथं पान जागेवर टाचलं. पहिल्या पानावर सव्वादोन खोडलं नाही. त्याच्या खाली लिहिलं, 'अपघाताची खरी वेळ सकाळी साडेदहा. सांगणाऱ्याचं नातं, मुलगी.'

७

सिस्टर सोमवारी कामावर आली. त्या आठवड्यात तिचे कागद वेळेवर आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा उशिरा, चहाच्या डागासकट. बाईंनी तोंड भरून बोलून घेतलं, तेव्हा दोघींनाही बरं वाटलं.

केसपेपरवर आता वेळेच्या रकान्याखाली बाईंनी छापून घेतलेली ओळ असते. 'भाजल्याची खरी वेळ सांगा. सलाईन त्यावरून ठरतं.'

अकरा जणांची पत्रं मात्र निघाली नाहीत. वरून नवा हुकूम आला, की वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजू. फळ्यावर आकडा लिहायचं काम मुलीकडे आलं. कोणी दिलं नाही, तिनेच खडू घेतला. खात्यात तिच्याशी कोण बोलतं आणि कोण नाही, हे बाईंनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मग एका सकाळी इस्पितळाच्या दारात कारखान्याची गाडी करकचून थांबली. मुलगी उतरली. तिच्या खांद्याला धरून आणखी एक उतरली, जिन्यावर बोलली होती तीच बाई, डाव्या हातावर आणि पायावर उकळता रंग सांडलेला. सिस्टरने चाकाची खुर्ची ढकलत आणली आणि अंगठी आधी काढून घेतली.

बाईंनी अर्ज पुढे ओढला. "वेळ?"

"दहा पन्नास," मुलगी धापा टाकत म्हणाली. "आत्ता. वीस मिनिटं झाली."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग, सवय जात नाही म्हणून, त्या बाईच्या ओल्या बाहीकडे पाहिलं. फिका गुलाबी.

"फळ्यावर किती झाले होते?"

"त्रेपन्न. निघताना शून्य घालून आले." तिने खडू लागलेली बोटं ओढणीला पुसली आणि खुर्चीमागे धावली.

बाईंनी वेळ लिहिली, दहा पन्नास, आणि अर्ज वॉर्डात पाठवला.